दीड टन, पण कशाचा?

सोलापुरात एप्रिल लागला की दोनच विषय असतात, पाणी कितव्या दिवशी सुटलं आणि पारा कुठंवर गेला. बाकी सगळं मे संपल्यावर बघू. तर यंदा आमच्या मामांनी एकदाचं ठरवलं की एसी घ्यायचा. म्हणजे ठरवलं मामींनी, मामा नुसते 'बरं' म्हटले, आणि मग फोन आला मला, कारण आमच्या अख्ख्या गोतावळ्यात 'कॉम्प्युटरचं कळणारी' म्हणून माझीच नेमणूक झालेली आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते, तेवढ्यावर लोकांनी मला मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळ्यातली तज्ज्ञ करून टाकलंय. पगार मात्र एकाच कामाचा.

मामांबद्दल सांगते आधी. साखर पेठेत जुनं घर, आणि ४० वर्षं यंत्रमागावर जॉबर. आमच्याकडं जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा, लावून देणारा माणूस, हे पुण्यामुंबईच्या मैत्रिणींना दरवेळी समजवावं लागतं. शाळा सातवीपर्यंत, पण मागाचा आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगायचे. त्यांच्या खिशात एका सूत व्यापाऱ्याची दिवाळीला मिळालेली डायरी कायम असते आणि नवीन शब्द कानावर पडला की त्यात लिहून ठेवतात, समोर अर्थ. अर्थ पटला नाही तर समोर लिहितात 'विचारणे'. माझे बरेच रविवार या 'विचारणे'मध्ये गेलेले आहेत.

तर आम्ही नवी पेठेत एका दुकानात. दुकानाचं नाव राहू दे. सेल्सचा पोरगा एकदम फॉर्मात, "मामा, हा घ्या बघा, दीड टन, फाइव्ह स्टार, इन्व्हर्टर, कॉपर, एआय, वायफाय." सगळं एका श्वासात. मामांनी एसीकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं, आणि म्हणाले, "दीड टन? मग भित पेलंल का आमची? जुनं बांधकाम हाय."

पोरगा हसला. शेजारचं गिऱ्हाईक पण हसलं. मला खरं सांगू का, रागच आला, कारण त्याच पोराला मामांनी पुढं विचारलं, "बरं वजन न्हाई तर मग कशाचा दीड टन?" तर तो म्हणतो कपॅसिटी. "कपॅशिटी कशाची?" तर म्हणे कूलिंगची. "ती टनात कशी काय मोजायलेत?" यावर त्यानं मालकाकडं बघितलं आणि मालकानं कॅल्क्युलेटरकडं. म्हणजे हसणाऱ्यालाही माहीत नव्हतं, फक्त न विचारायची सवय लागलेली.

उत्तर खरं तर फार गमतीशीर आहे. मशीन यायच्या आधी थंडावा बर्फाचा असायचा, बर्फाच्या लाद्या आणून ठेवायच्या. मग मशीन आलं तेव्हा लोक विचारणार की हे किती बर्फाचं काम करतं? तर एक टन बर्फ, तोही अमेरिकन टन म्हणजे २००० पौंड, साधारण ९०७ किलो, २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी उष्णता खोलीतून बाहेर टाकणारं मशीन ते एक टनाचं. वॉटमध्ये सांगायचं तर साधारण ३५०० वॉट, आणि काही लेबलवर (तासाला) १२००० बीटीयू असं असतं, ती एकच गोष्ट. हे मी मामांना दुकानाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर सांगितलं. मामांनी रसाच्या ग्लासातला बर्फ हलवला आणि म्हणाले, "म्हंजे दिवसाला दीड टन बर्फ वितळवल्यागत. मग असं सांगायचं की सरळ. माझ्या डोळ्यासमोर आला बग." आणि डायरी काढली.

पुढचा शब्द इन्व्हर्टर, आणि इथं तर नुसता गोंधळ आहे. आपल्याकडं इन्व्हर्टर म्हणजे काय? जिन्याखाली ठेवलेली मोठी बॅटरी आणि वर तो डबा, लाइट गेली की दोन फॅन दोन ट्यूब चालवणारा. त्यामुळं 'इन्व्हर्टर एसी' म्हटल्यावर कुणालाही वाटणार की हा इन्व्हर्टरवर चालतो, नाहीतर याच्या पोटातच इन्व्हर्टर आहे, लाइट गेली तरी थंड. मामींनी तर एवढ्यासाठीच चार हजार जास्त द्यायची तयारी दाखवली होती. आणि दुकानातला कुणी त्यांना अडवत नव्हता हं, हे लक्षात घ्या.

शब्द चुकीचा नाहीये, तोच वाईटपणा. इन्व्हर्टर म्हणजे डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या) करंटचा एसी (सतत दिशा बदलणारा) करंट करणारं सर्किट. घरातला इन्व्हर्टर बॅटरीतला डीसी घेऊन त्याचा एसी करतो. एसीमधला इन्व्हर्टर भिंतीतून आलेला ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा हेलकावणारा करंट आधी डीसी करतो आणि मग परत एसी करतो, पण या वेळी पाहिजे त्या हर्ट्झचा, त्यामुळं कॉम्प्रेसरची मोटर हळू किंवा जोरात फिरवता येते. जुना एसी फुल जोरात फिरणार, खोली गार झाली की खटकन बंद, परत गरम झाली की परत धाडकन चालू. नवा बंद न पडता संथ चालत राहतो आणि म्हणून बिल कमी. (आणि एसी हा शब्द एअर कंडिशनरचा पण आणि अल्टरनेटिंग करंटचा पण, त्यामुळं 'एसीमधला इन्व्हर्टर एसीचा डीसी करून परत एसी करतो' हे वाक्य मी मामांना म्हणून दाखवलं तर ते म्हणाले, "तू रस पी.")

घरच्या इन्व्हर्टरवर तो चालेल का, याचं गणित मामांनीच करायला लावलं. त्यांच्याकडची बॅटरी १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची. १५० गुणिले १२, म्हणजे १८०० वॉट-अवर, पावणेदोन युनिटच्या वर थोडं. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असला की साधारण दीड हजार वॉट ओढणार. म्हणजे कागदावर जेमतेम तासभर, आणि तेही कागदावरच, कारण डबा ९०० व्हीएचा आहे, तो सातशे-साडेसातशे वॉटच्या पुढं गेला की स्वतःच टूं टूं करत बसतो. मामांनी सगळा हिशोब डायरीत मांडला आणि मामींना दाखवला. मामी म्हणाल्या, "असू दे."

स्टारचं थोडक्यात सांगते. फाइव्ह स्टार म्हणजे हॉटेलसारखी चैन नव्हे, किती कमी विजेत किती गारवा, याचे मार्क. पण निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळं जुन्या निकषातला पाच स्टार नव्यात चार होतो, आणि गोडाऊनमध्ये पडलेला जुना माल 'फाइव्ह स्टार आहे की' म्हणून गळ्यात पडू शकतो. लेबलवर कुठल्या काळासाठीचा ते छापलेलं असतं, ते बघा. आणि खाली वर्षाला किती युनिट हा आकडा असतो, दोन मॉडेल तुलना करायला तोच बघायचा, पण तो वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. १६०० तास सोलापुरात! आमच्याकडं मार्चपासून जूनपर्यंत दिवसरात्र धरलं तर तेवढ्यातच संपतील.

आता मामांचा जो प्रश्न आहे ना, 'कशाचं?', तो मला आधी नुसता हट्ट वाटायचा. पण तो त्यांच्या धंद्यातून आलेला आहे. सुताला काउंट असतो, दहा काउंट, वीस काउंट, चाळीस काउंट. बाहेरच्या माणसाला वाटणार आकडा मोठा म्हणजे सूत जाड. उलटं असतं. एका पौंड सुतात ८४० यार्डाच्या किती लडी निघतात तो काउंट, म्हणजे आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. नवीन पोरं कामाला आली की यावर हमखास फसायची. त्यामुळं मामांच्या डोक्यात पक्कं बसलंय की नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, आधी सांगा कशाचा आकडा, कसा मोजला.

आणि ते एकदा फसलेत पण. मी शाळेत असतानाची गोष्ट, वडिलांनी आणि मामांनी मिळून गणपतीसाठी म्युझिक सिस्टिम आणली होती, त्यावर सोनेरी स्टिकर, '३००० वॉट पीएमपीओ'. सगळी गल्ली बघायला आली. रात्री मामा मीटरसमोर उभे. त्यांचं म्हणणं, घराला ५ अँपिअरचा फ्यूज, २३० गुणिले ५ म्हणजे साडेअकराशे वॉट, मग ३००० वॉटचं मशीन लावून फ्यूज उडत कसा नाही? वडील म्हणाले चांगलंच आहे की उडत नाही ते. पण मामा काही त्या रात्री झोपले नसणार. पीएमपीओ म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंत, तेही कागदावर, जास्तीत जास्त किती जोर निघू शकतो असं धरलेला आकडा, आणि तो काढायची कुठली एक ठरलेली रीत पण नव्हती, ज्यानं त्यानं मनाला येईल तेवढा छापायचा. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत किती वॉट. त्या सिस्टिमच्या पाठीमागं बारीक अक्षरात वीज किती खाते ते लिहिलेलं होतं, ६० वॉट. साठ! मामांनी तो स्टिकर नखानं काढून टाकला. आजही साउंडबार घेताना फक्त 'वॉट' लिहिलं असेल तर विचारा आरएमएस किती.

एसी बघायला गेलो त्याच रविवारी दुसरं गिऱ्हाईक होतं घरात, माझा भाचा. इंजिनिअरिंगला लागलाय, लॅपटॉप पाहिजे, आणि मोबाइल पण बदलायचाय. मित्राशी फोनवर "काय बे, आठ प्लस आठ सोळा जीबी रॅम हाय बे त्याला" असं चाललेलं, आणि मामा आतल्या खोलीतून ओरडले, "कशाचं आठ आणि कशाचं आठ?"

झालं, बसलो सगळे. रॅम आणि स्टोरेज दोन्ही जीबीत मोजतात, म्हणून लोक ते एकच समजतात, 'माझ्या फोनची रॅम फुल झाली, फोटो डिलीट करते' असं बोलतात. मी कपाट आणि टेबल वगैरे सांगायला सुरुवात केली, तर मामांनी थांबवलं आणि म्हणाले, मागावर बघ. धोट्यात (मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो) सुताची एक कांडी असती. ती सरली की माग थांबतो, म्हणून मागाजवळच पेटीत भरलेल्या कांड्या तयार ठेवलेल्या असतात, हात घातला की नवीन कांडी. आणि बाकीचं सूत गोडाऊनमध्ये, तिथून आणायचं म्हणजे पोरगं पाठवा, किल्ली शोधा, अर्धा तास गेला. "गोडाऊन म्हंजे तुझं स्टोरेज, पेटी म्हंजे रॅम. बरोबर का?"

बरोबर काय, मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कारण धोट्यातली जी एक कांडी, ती सुद्धा कॉम्प्युटरमध्ये असते, प्रोसेसरच्या अगदी पोटात ठेवलेली थोडीशी मेमरी, तिला कॅश म्हणतात. लहान, पण सगळ्यात जवळ. म्हणजे मागावर जे तीन टप्पे तेच चिपवर. आणि पेटी लहान असली तर गोडाऊन कितीही मोठं असो, पोरगं हेलपाटेच घालणार, तसं रॅम ४ जीबी आणि स्टोरेज १ टीबी असलेला लॅपटॉप चार टॅब उघडल्या की धापा टाकतो.

मग ते आठ प्लस आठ? त्यातले पहिले आठ खरी रॅम. दुसरे आठ म्हणजे 'व्हर्च्युअल रॅम', स्टोरेजमधलाच एक कोपरा. मामा लगेच, "म्हंजे गोडाऊनच्या एका कोपऱ्यावर पाटी लावली, 'पेटी'. कांडी आणायला जावं तर तितकंच लागणार की." अगदी. तसं ते अगदी निरुपयोगी नसतं, मागं पडलेली ॲप्स तिकडं ढकलून ठेवता येतात, पण त्याला सोळा म्हणून विकणं हे आमच्या बोलीत सांगायचं तर पीएमपीओ आहे. एकच ठिकाणी मामांचं उदाहरण अडलं. मी म्हटलं लाइट गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. ते म्हणाले, "लाइट गेली म्हणून पेटीतल्या कांड्या कुठं जात न्हाईत." मग थोडा विचार करून, "त्यापेक्षा आपला मागच बरा."

भाच्याच्या लॅपटॉपचं मग पटकन झालं. आय-फाइव्ह आय-सेव्हन ही प्रोसेसरची ताकद नव्हे, घराण्याची नावं आहेत, पिढी कुठली ते बघायचं, पाच-सहा वर्षं जुना आय-सेव्हन नव्या आय-फाइव्हपुढं मार खातो. आकड्यानंतरचं अक्षर बघायचं, यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जोराचा आणि गरम होणारा. स्टोरेज एसएसडीच घ्यायची, जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, आणि एसएसडीत फिरणारं काही नसतंच. एसएसडीतही साटा म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबी, एनव्हीएमई म्हणजे त्याच्या कितीतरी पट. बस.

लॅपटॉप आला आणि भाचा दुसऱ्या दिवशी तोंड पाडून, "आत्या, फसवलं. ५१२ जीबी सांगितली आणि ४७६ च दाखवायलंय." हा प्रश्न मला वर्षाला चार वेळा येतो. फसवलेलं नाही, दोघांची जीबी वेगळी. बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते, एक जीबी म्हणजे बरोबर १०० कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्याची एक जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. माल तेवढाच, माप मोठं, म्हणून आकडा लहान. १९९८ साली या मोठ्या मापाला वेगळं नाव पण दिलंय, गिबीबाइट, पण ते बोलायला लाज वाटते म्हणून की काय कुणी वापरत नाही आणि विंडोज अजून जीबीच लिहितं.

हे १०२४ कुठनं आलं म्हणून मामांनी विचारलं, तेव्हा मला बिटपर्यंत जावं लागलं आणि मी जरा घाबरले, कारण शून्य आणि एक हे समजवायला लागलं की समोरचा जांभई देतो. पण मामांनी विचारलं ते वेगळंच. "म्हंजे भोक हाय का न्हाई, एवढंच ना?" ते जॅकार्डबद्दल बोलत होते. चादरीवर मोर, फुलं, नक्षी उमटते ती जॅकार्डमुळं. मागाच्या वर पुठ्ठ्यांची माळ फिरत असते, प्रत्येक पुठ्ठ्यावर भोकं पाडलेली. भोक असेल तिथला हुक उचलला जातो आणि धागा वर, भोक नसेल तिथं धागा खाली. एक पुठ्ठा, एक ओळ. नुसतं आहे-नाही, आहे-नाही, आणि त्यातनं मोर.

आणि ही नुसती उपमा नाही. जॅकार्ड नावाच्या माणसानं हे फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास बसवलं, चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्राच्या आराखड्यात तीच भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना उचलली, आणि पुढं हॉलरिथनं भोकं पाडलेल्या कार्डांवर अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजून दिली. म्हणजे मामा ४० वर्षं ज्याच्याखाली उभे राहिले ते मशीन कॉम्प्युटरच्या पूर्वजांपैकी. हे ऐकून ते फार काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी शेजारच्यांना सांगत होते ते मी ऐकलं. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलेत, डिझाइन पेन ड्राइव्हमधून जातं, पण आतमध्ये गोष्ट तीच, धागा वर का खाली.

तर एक भोक म्हणजे एक बिट, त्याला आहे-नाही असे दोनच पर्याय, आणि दोनाला दोननं गुणत दहा बिटांपर्यंत गेलं की होतात १०२४, ते इथनं आलं. आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो ब्रॉडबँडमध्ये. वायर टाकणारा सांगतो १०० एमबीपीएस. डाउनलोड लावलं की दाखवतं सेकंदाला १२ एमबी. लोक भांडायला जातात. त्याचा 'बी' बिटचा आहे, तुमचा 'बी' बाइटचा, इंग्रजीत एक लहान लिपीतला आणि एक मोठ्या, आणि आपण मराठीत दोन्हीला एमबीच म्हणतो, मग कळणार कसं? १०० भागिले ८, साडेबारा. म्हणजे दीड जीबीचा पिक्चर दोन मिनिटांत, याच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागत असेल तर मात्र जरूर भांडा.

जी अक्षराचं तर विचारूच नका. फाइव्ह-जी मधला जी म्हणजे जनरेशन, पिढी. जीबीमधला जी म्हणजे गिगा. आणि राउटर लावला की वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी फाइव्ह-जी लिहिलेलं, तो जी गिगाहर्ट्झचा, त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. मामींची ठाम समजूत होती की घरात फाइव्ह-जी आलंय आणि ते नुसतं पुढच्या खोलीत येतं. पुढच्या खोलीपुरतं येतं ते बरोबरच, कारण ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीला भित्रं, आणि साखर पेठेतल्या घराच्या भिंती दीड-दोन फुटी. स्वयंपाकघरात २.४ वालंच चालतं. संथ आहे पण पोचतं.

आणि कॅश. ही गोष्ट सांगायचीच होती. मामींचं पैसे पाठवायचं ॲप अडकत होतं, तर मी ऑफिसमधून घाईघाईत फोनवर सांगितलं, "मामी, सेटिंगमध्ये जा आणि कॅश क्लिअर करा." एकदम शांतता. मग, "कोण बोलतंय?" मी म्हटलं अहो मी. तर फोन कट. नंतर कळलं की त्यांनी मामांना सांगितलं, कुणीतरी पोरीचा आवाज काढून पैसे क्लिअर करा म्हणत होतं. आता यात मी हसू का त्यांचं कौतुक करू? कौतुकच केलं. इंग्रजीत दोन शब्दांचं स्पेलिंग तरी वेगळं आहे, आपल्या लिपीत रोख रक्कम पण कॅश आणि ही पण कॅश. ही कॅश म्हणजे मघाच्या धोट्यातल्या कांडीसारखीच, ॲपनं पटकन हाताशी लागावं म्हणून बाजूला ठेवलेलं काहीबाही, ते पुसलं तर काही बिघडत नाही, परत भरतं. पण त्याच्याच शेजारी 'क्लिअर डेटा' असं बटण असतं, ते दाबलं की ॲप कोरं करकरीत, लॉगिनपासून सगळं परत. ते दोन शेजारी कुणी ठेवले त्याला एकदा भेटायचंय मला.

टाइप-सी हा वेगाचा प्रकार नाही, तो फक्त पिनेचा आकार, २०१४ पासूनचा, उलटी सुलटी कशीही जाते. आतल्या वायरा कुठल्या आहेत ते बाहेरून दिसत नाही. भाच्यानं मोबाइलबरोबर आलेल्या केबलनं ८० जीबी फोटो लॅपटॉपवर घ्यायला लावले आणि जेवून, झोपून उठला तरी चालूच, कारण ती केबल यूएसबी २.०, सन २००० चं तंत्र, सेकंदाला कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी नशीब. आणि ओटीजी मागायला मामी नवी पेठेत गेल्या होत्या, केक करायचा होता, तर काउंटरवरच्या पोरानं हातात बोटाएवढी केबल ठेवली आणि म्हणाला दीडशे रुपये. ओव्हन-टोस्टर-ग्रिलर पण ओटीजीच आणि मोबाइलला पेन ड्राइव्ह जोडायची ती ऑन-द-गो पण ओटीजीच. मामींना वाटलं ओव्हन फारच स्वस्त झालाय.

पॉवर बँकेवर २०००० एमएएच लिहिलेलं, फोनची बॅटरी ५०००, म्हणून चार वेळा फुल व्हायला पाहिजे, होतो अडीच-तीन वेळा. कारण तो २०००० आकडा आतल्या ३.७ व्होल्टवरचा. बाहेर ५ व्होल्ट किंवा जास्त करून द्यायचं म्हटलं की आकडा खाली येतो, शिवाय वाटेत थोडी गरम होऊन जाते. उलटं करून बघा, बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बारा-तेरा हजार असं काहीतरी दिसेल, तेच खरं. टीव्हीचा इंच कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका मोजायचा, आणि एलईडी टीव्ही म्हणजे मागून एलईडीचा उजेड टाकलेला एलसीडीच, तसंच क्यूएलईडी पण. ओएलईडी तेवढी वेगळी, तिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. ५० मेगापिक्सलचा फोटो बहुतेक वेळा साडेबाराचाच निघतो, चार ठिपके मिळून एक करतात म्हणून, आणि त्यानं अंधारात फोटो बरा येतो, तर त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

एसी शेवटी दुसऱ्या दुकानातून घेतला. तिथल्या बाईंना टनाचा बर्फ माहीत होता, मामांनी आधी परीक्षा घेतली. फक्त 'एआय' चा अर्थ विचारल्यावर त्यापण म्हणाल्या, ते आपलं आपोआप असतं. डायरीत एआयच्या समोर 'विचारणे' लिहिलेलं आहे, मी पण अजून काही पटेल असं सांगू शकलेले नाही.

बसवला त्या दिवशी मी तिथंच मुक्कामाला होते. रात्री साडेनऊला सगळे त्या एका खोलीत, भाचा, मी, मामी, शेजारची दोन पोरं, बाहेर वळवाचं वारं सुटलेलं आणि आत २४ वर लावून मामी पांघरूण घेऊन बसलेल्या. चार थेंब पडले, कुठंतरी गडगडलं, आणि लाइट गेली. जिन्याखालचा डबा लागला, फॅन फिरायला लागला, ट्यूब लागली, एसी मात्र गप.

मामी बराच वेळ त्याच्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "अवो, पण ह्याच्यात इन्व्हर्टर हाय की."

"हाय की," मामा म्हणाले, "पण कशाचा?" आणि चादर काखेत मारून गच्चीची कडी काढायला गेले.